आबांचे ठोके आणि जनरेटरचा आवाज

आबांच्या छातीत धडधडायला लागलं तेव्हा मी नांदेडला इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला होते. गाव गंगाखेड तालुक्यातलं. धडधड रोजची नव्हती. कधी रानातून आल्यावर व्हायची, कधी ओट्यावर नुसतं बसल्या बसल्या. तालुक्याला डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढेपर्यंत ती थांबलेली असायची. "पट्टीत तर काही नाही," डॉक्टर म्हणायचे, आणि त्यांचंही बरोबरच होतं. दहा सेकंदांच्या पट्टीत जे घडलंच नाही ते दिसणार कुठून? मला प्रोजेक्टचा विषय द्यायचाच होता. मी ठरवलं, धडधड सुरू होईल त्या क्षणी घरातच ठोके पकडता येतील असं काहीतरी बनवायचं.

सामान थोडं होतं. एडी८२३२ हे तळहाताच्या अर्ध्याएवढं मॉड्यूल, प्रोग्राम लिहून चालवायचा अर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड, तीन वायरी आणि चिकटवायचे इलेक्ट्रोड. हृदयाचा ठोका कातडीवर पोहोचतो तेव्हा त्याची उंची साधारण एक मिलिव्होल्ट उरते. मोठ्या टोकाची, म्हणजे आर लाटेची, ही गोष्ट. तिच्या आधी येणारी पी लाट त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. मॉड्यूल हे सगळं हजार-अकराशे पटीनं मोठं करून देतं आणि ०.५ ते ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या लाटांच्या, बाहेरचं थोडंफार तिथंच कापतं. उरलेली सफाई मला अर्डुइनोवर करायची होती, सिग्नल येत असतानाच. आधी रेकॉर्ड करून मग कॉम्प्युटरवर धुऊन काढणं वेगळं. तिथं तुमच्याकडे ठोक्याच्या आधीचंही असतं आणि नंतरचंही. चालू सिग्नलला पुढचं काहीच माहीत नसतं. दर चार मिलिसेकंदांनी एक आकडा, म्हणजे एक सॅम्पल, हातात येतो, आणि पुढचा यायच्या आत त्याचं काय ते करावं लागतं.

होस्टेलच्या खोलीत पहिल्यांदा स्वतःलाच इलेक्ट्रोड लावले. स्क्रीनवर ठोके दिसले, पण रेष लोकरीच्या धाग्यासारखी केसाळ. भिंतीतल्या वायरिंगचे, म्हणजे मेन्सच्या विजेचे, ५० हर्ट्झ अंगावर येऊन बसले होते. त्यात श्वासाबरोबर सगळी रेष पाळण्यासारखी वर-खाली व्हायची, आणि हात हलवला की मध्येच झुडूप उगवायचं. पुस्तकात तिन्हींची नावं वेगवेगळ्या ओळींत असतात: बेसलाइनचं, म्हणजे अख्ख्या रेषेचं, भटकणं अर्ध्या हर्ट्झच्या खाली, मेन्सची घरघर ५० ला, स्नायूंचा आवाज वीसच्या आसपास सुरू होऊन वर दूरपर्यंत पसरलेला. अंगावर तिन्ही एकदमच येतात.

सगळ्यात आधी केली साधी सरासरी. सेकंदाला २५० सॅम्पल घेतले की ५० हर्ट्झची एक लाट बरोबर पाच सॅम्पलमध्ये पूर्ण होते. शेवटच्या पाचांची सरासरी काढली की वरचं-खालचं एकमेकांत मिटतं आणि घरघर शून्य. कागदावर इतकं सुंदर वाटलं की मी रात्री दोन वाजता मैत्रिणीला उठवून दाखवलं. सकाळी नीट पाहिलं तर आर लाटेचं टोक बोथट झालेलं. पाच जणांत वाटल्यावर टोक टोक राहत नाही.

मग नॉच फिल्टर घेतला, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर खाच पाडणारा. २५० सॅम्पलवर ५० हर्ट्झ म्हणजे दर सॅम्पलला ७२ अंशांची चाल. वर्तुळाचे पाच समान भाग, पंचकोन. त्यामुळे फिल्टरच्या समीकरणात ०.६१८ हा आकडा येतो, सुवर्ण गुणोत्तरातला. आताच्या सॅम्पलमधून मागच्याची ०.६१८ पट वजा करायची आणि त्याच्या मागचा मिळवायचा, की ५० हर्ट्झ जागीच मरतात. शाळेत पंचकोन काढताना जो आकडा भेटला होता तो ठोक्याच्या सफाईत परत भेटल्याचा आनंद मला अजून आठवतो.

पण घरघर गेली नाही. थोडी कमी झाली एवढंच. मी समीकरण चार वेळा तपासलं, वायरी बदलल्या, मॉड्यूल बदललं. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी स्क्रीनवर माझी नाडी ९४ दिसत होती आणि मनगटावर बोट ठेवून मोजली तर ७२. पुन्हा मोजली, पुन्हा ७२. तेव्हा वहीत भागाकार केला: ७२ भागिले ९४ म्हणजे साधारण ०.७७. माझं २५० खरं २५० नव्हतंच. एक मिनिट सॅम्पल गोळा करून मोजले. पंधरा हजार यायला हवे होते, आले साडेअकरा हजार.

कारण होतं सिरियल पोर्ट, म्हणजे अर्डुइनोतून लॅपटॉपला आकडे जायची वाट. मी प्रत्येक आकडा ९६०० च्या वेगानं लॅपटॉपला पाठवत होते. त्या वेगात सेकंदाला ९६० अक्षरं जातात. तीन अंकी आकडा आणि ओळ बदलायची दोन चिन्हं मिळून पाच अक्षरं, म्हणजे सेकंदाला १९२ आकडे. पाठवायच्या आकड्यांचा साठा (बफर) भरला की त्यात जागा रिकामी होईपर्यंत अर्डुइनो थांबतो, आणि तेवढा वेळ पुढचं सॅम्पल लांबतं. २५० धरून ५० वर पाडलेली खाच प्रत्यक्षात ३८.४ हर्ट्झवर पडत होती. घरघर आपल्या जागी सुखरूप, आणि तिच्याऐवजी मी ठोक्याचाच एक तुकडा कापत होते. वेग ११५२०० केला, सॅम्पल घ्यायचं काम टायमर इंटरप्टकडे, म्हणजे बाकी काम थांबवून ठरल्या वेळी हाक देणाऱ्या घड्याळाकडे, दिलं, आणि स्क्रीनवरची नाडी मनगटाशी जुळली. चालू सिग्नलवर काम करणाऱ्या कुणालाही मी आधी हेच विचारते की सॅम्पल किती येतात ते मोजलंस का.

खाच किती रुंद ठेवायची हा पुढचा घोळ. रुंद ठेवली तर प्रत्येक मोठ्या टोकामागे बारीक लहरी उठत, तळ्यात खडा पडल्यासारख्या. त्या खऱ्या नव्हत्या, माझ्या फिल्टरनंच तयार केलेल्या होत्या. आणि त्या पडायच्या नेमक्या एसटीच्या, म्हणजे मोठ्या टोकानंतरच्या सपाट तुकड्याच्या, जागी, जिथं हार्ट अटॅकच्या खुणा शोधतात. खाच अरुंद करत एका हर्ट्झच्याही आत आणली तेव्हा लहरी दिसेनाशा झाल्या. फिल्टर सुरू झाल्यावर स्थिर व्हायला वेळ जास्त घ्यायचा, पण एकदा बसला की रेष काचेसारखी. मी खूश होते.

एमआयटी-बीआयएच या अमेरिकेतल्या ईसीजींच्या संग्रहातल्या रेकॉर्डवरही चालवून पाहिलं. ४८ रेकॉर्ड, प्रत्येक अर्ध्या तासाचं, सेकंदाला ३६० सॅम्पल. जगभरात ईसीजीचा प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक जण इथून जातो. तिथं माझा नॉच काहीच करेना. मेन्स अमेरिकेची, म्हणजे ६० हर्ट्झची, हे लक्षात यायला दुपार गेली.

एप्रिलमध्ये गावी गेले आणि होस्टेलमधली काच फुटली. घरघर होस्टेलच्या कितीतरी पट. आबांची कातडी उन्हातान्हात राबून वाळलेली. कोरड्या कातडीचा अडथळा जास्त, आणि दोन इलेक्ट्रोडखालचा अडथळा सारखा नसला की मॉड्यूलला दोन्हीकडून येणारी समान घरघर एकमेकांतून वजा करता येत नाही. त्यात आमच्या घराचं अर्थिंग. मीठ-कोळसा घालून पुरलेली प्लेट उन्हाळ्यात सुकून जाते. आई अधूनमधून त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते ते कशासाठी हे मला शिकून चार वर्षं झाल्यावर नीट कळलं. लॅपटॉपचा चार्जर काढला की अर्धी घरघर तिथंच कमी होई. चार्जर काढायचं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉप भिंतीला जोडलेला असणं धोक्याचं आहे. मी तेव्हापासून सगळं बॅटरीवरच चालवते.

आबांना म्हटलं, छाती साबणानं धुवून घ्या. धुतली, खरखरीत पंच्यानं पुसून कोरडी केली, नवे इलेक्ट्रोड लावले. रेष अशी निवळली की मी कोड बघितला, चुकून दुसरा फिल्टर तर चालू नाही ना. नव्हता.

आबांच्या हाताचा कंप मात्र गेला नाही. वयामुळं त्यांचे हात थरथरतात, सेकंदाला पाच-सहा वेळा. मी इलेक्ट्रोड मनगटावर लावले होते, म्हणजे थरथर थेट सिग्नलमध्ये. "हे कामून असं उड्या मारायलंय गं माय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या हाताचं आहे, काढते. काढायला बसले आणि निघेना. ठोक्याच्या मोठ्या टोकाचा बराचसा जोर ५ ते १५ हर्ट्झमध्ये असतो आणि हाताची थरथर तिथंच येऊन बसलेली. फिल्टर फक्त वेग बघतो. पाच हर्ट्झचं हे हाताचं आणि ते हृदयाचं, हे त्याला सांगायची सोय नाही. रात्रभर डोकं लावून सकाळी मी इलेक्ट्रोड मनगटावरून काढले, गळ्याच्या हाडाखाली लावले आणि दोन्ही हातांखाली उशी दिली.

डॉक्टरांनी मला त्यांच्या दवाखान्यात वस्तू आणायची परवानगी दिली होती. त्यांच्या मोठ्या मशीनशेजारी माझी रेष ताडून बघावी म्हणून. मे महिना, दुपार. आबा टेबलावर पडलेले, रेष सुरेख चालली होती. लाईट गेली. अर्ध्या मिनिटात मागच्या बाजूला डिझेल जनरेटर सुरू झाला, पंखे फिरले, आणि माझी रेष पुन्हा लोकर झाली. नॉच चालू होता. सॅम्पल मोजले, बरोबर. इलेक्ट्रोड दाबले, वायरी हलवल्या. मध्येच घरघर कमी व्हायची, परत वाढायची. मी घामाघूम.

आबा छताकडे बघत पडले होते. म्हणाले, "इंजिन ओढायलंय बघ. लोड आलाय त्याच्यावर."

आबांनी विहिरीवर वीस वर्षं डिझेल इंजिन चालवलं आहे. रात्री घरात झोपून, पाणी चढतंय की इंजिन रिकामं पळतंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. आता जनरेटरवर आतल्या खोलीतलं काहीतरी सुरू झालं होतं आणि त्याचा आवाज जड झाला होता. मी कान दिला. थोड्या वेळानं ते बंद झालं आणि आवाज पुन्हा चढला. जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर फिरला तर ५० हर्ट्झ देतो. लोड नसला की जरा जास्त फिरतो, लोड आला की खाली बसतो. भिंतीतून येणारी ग्रिडची वीज पन्नासला घट्ट धरून असते, कारण अख्ख्या देशाची यंत्रं एकमेकांना धरून फिरत असतात. हा बिचारा एकटा. त्याची घरघर ५१-५२ च्या आसपास हिंडत होती आणि माझी काचेसारखी अरुंद खाच पन्नासच्या दारात पहारा देत उभी होती. ज्या अरुंदपणावर मी खूश होते त्यानंच घात केला.

खाच परत रुंद करायची तर एसटीत लहरी येणार. उपाय बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेल्या पद्धतीत सापडला. नॉइजची वेगळी प्रत मिळवा आणि ती मूळ सिग्नलमधून वजा करा. किती वजा करायची ते फिल्टरनं दर क्षणी स्वतः शिकावं. त्यांनी स्वतः ईसीजीतली मेन्सची घरघर अशीच काढून दाखवली होती, आणि आईच्या ठोक्यांमागे दबलेले पोटातल्या बाळाचे ठोकेही. मला घरघरीची प्रत हवी होती. ती फुकटात मिळते. अर्डुइनोच्या दुसऱ्या पिनला वीतभर वायर लावून मोकळी सोडली की ती हवेतली घरघर उचलते. जनरेटर ५१ वर गेला तर वायरही ५१ वर जाणार. या वायरचं आताचं सॅम्पल आणि एक मागचं, दोघांना दोन वजनं, म्हणजे गुणायचे आकडे; त्यांची बेरीज ठोक्याच्या सिग्नलमधून वजा; जे उरतं त्यावरून वजनं किंचित सरकवायची. दर चार मिलिसेकंदांना इतकंच काम. उनोला ते सहज झेपतं.

पहिल्या दिवशी घरघर गेली आणि तिच्याबरोबर अर्धा ठोकाही गेला. हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. अर्डुइनोत सगळ्या अॅनालॉग पिनांना मोजणारा एकच. एका पिनचं व्होल्टेज मोजून तो लगेच मोकळ्या पिनकडे वळला की आधीच्या पिनचा अवशेष आत रेंगाळलेला असतो, आणि मोकळ्या वायरमध्ये तो पुसून टाकायची ताकद नसते. म्हणजे माझ्या 'घरघरीच्या प्रती'त आबांचा ठोकाही थोडा मिसळत होता. फिल्टर आपलं काम इमानानं करत होता. प्रतीत जे सापडलं ते काढून टाकत होता. दोन मोठे रेझिस्टर लावून वायर मधल्या व्होल्टेजवर बसवली, मध्ये एक ऑप-अँप (सिग्नलला जोर देणारी चिप) बफर म्हणून घातला, आणि पिन बदलल्यावर पहिलं वाचन फेकून द्यायला लागले. ठोका परत आला, अख्खा.

शिकण्याचा वेग किती ठेवायचा यावर आणखी आठवडा गेला. जास्त ठेवला की फिल्टर ठोक्यालाच घरघर समजून त्याच्यामागे धावतो. कमी ठेवला की जनरेटरवर लोड आल्यावर सावरायला वेळ लावतो. मी कमी ठेवला. दोन-तीन सेकंद रेष खराब दिसली तर दिसू दे. ठोक्याचा आकार बिघडण्यापेक्षा ते मला परवडतं.

नाडी मोजायला मात्र मी वेगळी वाट ठेवली. पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ ची पद्धत: ५ ते १५ हर्ट्झचंच ठेवायचं, उतार काढायचा, वर्ग करायचा, सुमारे दीडशे मिलिसेकंदांच्या खिडकीत बेरीज करायची. त्यातून बाहेर पडतं ते ठोक्यासारखं दिसतच नाही, नुसत्या टेकड्या असतात. मोठ्या टोकाच्या आधीची पी आणि नंतरची टी, दोन्ही लाटा गेलेल्या. मोजायला उत्तम. पण ती रेष मी कुणाला ईसीजी म्हणून दाखवत नाही.

हा फरक मला डॉक्टरांनी समजावला. त्यांनी आबांची जुनी पट्टी काढली आणि कडेची बारीक छपाई दाखवली: वेग सेकंदाला २५ मिमी, उंची १० मिमीला एक मिलिव्होल्ट, आणि पुढे फिल्टरचे आकडे. मॉनिटरवर नजर ठेवायला ०.५ ते ४० हर्ट्झ चालतं. निदान करायला ०.०५ ते १५० लागतं. "पट्टी स्वच्छ यावी म्हणून फिल्टरचं बटण दाबतात," ते म्हणाले. "मला थरथरती चालेल. खालून अर्धा हर्ट्झ कापला की एसटी वर-खाली सरकू शकते, आणि मग मी पेशंटला उगीच घाबरवतो किंवा उगीच घरी पाठवतो." माझ्या मॉड्यूलवर हे कापणं आधीच होऊन येतं. म्हणून त्यांनी बजावलं की यावर एसटी बघायची नाही, ठोका वेळेवर येतोय की नाही एवढंच बघायचं. तेव्हापासून मी दोन रकाने साठवते. एकात मॉड्यूलमधून आलेला आकडा जसाच्या तसा, दुसऱ्यात फिल्टर होऊन आलेला. मेमरी कार्डावर जागा दुप्पट जाते. जाऊ दे.

जूनमध्ये पेरणीच्या धावपळीत एका संध्याकाळी आबांनी हाक मारली. इलेक्ट्रोड लावायला मला चार मिनिटं लागली असतील. हात त्यांच्यापेक्षा माझेच थरथरत होते. धडधड चालूच होती. अकरा मिनिटांचं रेकॉर्ड मिळालं. नेहमीचे ठोके, मग मध्येच एक वेळेच्या आधी आलेला, रुंद, वेगळ्याच घडणीचा, आणि त्याच्यामागे लांब थांबा. परत चार-पाच नेहमीचे, परत तो.

सकाळी डॉक्टरांसमोर लॅपटॉप उघडला. त्यांनी फिल्टरची रेष पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "आता न धुतलेलं दाखव." मी दुसरा रकाना लावला. घरघर होती, श्वासाचा झोका होता. त्यांनी स्क्रीनवर अंगठा ठेवून तो रुंद ठोका शोधला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. दोन्हीकडे तो त्याच जागी आणि त्याच रुंदीचा होता. मग त्यांनी नांदेडला चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा ईसीजी रेकॉर्डर, लावायला लिहून दिलं.

होल्टर लावणाऱ्या मुलानं इलेक्ट्रोड चिकटवण्याआधी स्पिरिटचा बोळा आणि खरखरीत कापड घेतलं. आबांनी शर्टाची बटणं काढली आणि त्याला म्हणाले, "हिनं सकाळीच साबन लावून घासून आनलंय. तरी तू तुझं घास."